विश्रांती तुमची, रॅक सगळ्यांचा

संध्याकाळी सात ते नऊ या वेळात शहरातल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या जिममध्ये कुरबूर होते ती बहुतेक एकाच जागी: स्क्वॉट रॅकपाशी, नाहीतर सपाट बेंचपाशी. ट्रेडमिल सहा-आठ असतात, रॅक मात्र एकच. त्या रॅकवरचा माणूस पाच वेळा बार खांद्यावर घेऊन उठबस करतो, बार हुकांवर ठेवतो आणि मग तीन-तीन मिनिटं नुसता उभा राहतो. बाजूला ताटकळणाऱ्याला वाटतं, हा टाइमपास करतोय. रॅकवरच्याला वाटतं, हे लोक मला धड व्यायामही करू देत नाहीत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरी दोघंही एकाच जागी चुकतात. विश्रांती घेणं वेगळं आणि उपकरण अडवून ठेवणं वेगळं. या दोन गोष्टी एकच धरल्या की भांडण ठरलेलं. त्या वेगळ्या केल्या तर प्रत्येकाला पुरेशी विश्रांती मिळते आणि गर्दीच्या वेळीही सगळ्यांचा व्यायाम होतो. जिममध्ये कसं वागावं याचे बहुतेक नियम या एका फरकातून निघतात, म्हणून आधी विश्रांतीबद्दल आणि मग वागण्याबद्दल.

जड वजन उचलताना स्नायूंना जी ऊर्जा लागते ती एटीपी नावाच्या रेणूतून येते, आणि स्नायूत त्याचा साठा जेमतेम काही सेकंद पुरेल इतकाच असतो. तो संपत आला की क्रिएटिन फॉस्फेट हे दुसरं संयुग तो झपाट्याने भरून काढतं, पण पूर्ण जोर लावला तर तेही दहा-पंधरा सेकंदांत बरंचसं खर्च होतं. पाच-सहा रेप्सच्या जड सेटच्या शेवटी बार एकाएकी जडशीळ वाटू लागतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. बार हुकांवर ठेवल्यानंतर हा साठा पुन्हा भरायला लागतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात जवळपास निम्मा भरतो, पण पुढचा वेग मंदावतो आणि पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. या भरण्याला प्राणवायू लागतो, म्हणून सेट संपल्यावरही धाप चालूच राहते. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस रिकामा उभा दिसतो, आत मात्र पुढच्या सेटची तयारी चाललेली असते. ती अर्धवट सोडून पुन्हा बारखाली गेलं तर रेप्स घटतात, नाहीतर वजन कमी करावं लागतं. जोर कमी पडला की पाठ वाकते, गुडघे आत येतात, म्हणजे ढबही बिघडते.

हे प्रयोगांतही दिसलं आहे. विलर्डसन आणि बर्केट यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुणांना स्क्वॉट आणि बेंच प्रेसचे प्रत्येकी चार सेट करायला लावले होते. कधी एक मिनिट विश्रांती देऊन, कधी दोन, कधी पाच. वजन तेच, पण पाच मिनिटं थांबल्यावर एकूण रेप्स सर्वांत जास्त झाल्या. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा प्रयोग याहून बोलका आहे. व्यायामाची सवय असलेल्या २१ तरुणांचे दोन गट केले, दोन्ही गटांना आठ आठवडे तेच सात व्यायाम दिले, आणि फरक फक्त विश्रांतीत ठेवला. एका गटाला एक मिनिट, दुसऱ्याला तीन मिनिटं. तीन मिनिटं थांबणाऱ्यांची स्क्वॉट आणि बेंच प्रेसमधली ताकद जास्त वाढली आणि मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायूही जास्त भरला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ च्या आपल्या निवेदनात जड वजनाच्या मुख्य व्यायामांसाठी दोन ते तीन मिनिटं आणि साहाय्यक व्यायामांसाठी एक ते दोन मिनिटं सुचवली होती, ती याच दिशेने. पण याचा अर्थ जितकं जास्त थांबाल तितकं चांगलं, असाही होत नाही. २०२४ साली अशा अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यानुसार स्नायू वाढवण्यापुरतं पाहिलं तर एका मिनिटाहून जास्त थांबण्याचा थोडा फायदा दिसतो, पण दीड मिनिटाच्या पुढे म्हणण्यासारखा फरक राहत नाही. दंडाच्या कर्लसाठी चार मिनिटं बसणाऱ्याला त्या चार मिनिटांतून फारसं काही मिळत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावं.

इथे जिममधले जुने लोक हरकत घेतात. इतकं थांबलं तर अंग थंड पडतं, पंप उतरतो, घामच येत नाही, मग व्यायाम कसला? या हरकतीला एके काळी शास्त्राचाही आधार होता. कमी विश्रांतीच्या व्यायामानंतर रक्तातलं ग्रोथ हॉर्मोन तात्पुरतं वाढतं, तेव्हा स्नायूही त्यानेच वाढत असणार, असं बरीच वर्षं मानलं गेलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१० च्या सुमारास हे तपासलं गेलं, आणि ती युक्ती मोठी सुरेख होती. एकाच माणसाचे दोन हात वेगवेगळ्या दिवशी घ्यायचे. एका हाताला नुसता व्यायाम द्यायचा; दुसऱ्या हाताच्या व्यायामानंतर लगेच पायांचा दमछाक करणारा व्यायाम जोडायचा, म्हणजे त्या हाताला वाढीव हॉर्मोन्स मिळतील. पंधरा आठवड्यांनी मोजलं तेव्हा दोन्ही हातांची ताकद आणि जाडी यांत फरक सापडला नाही. पुढे २०१६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक मिनिट आणि पाच मिनिटं अशी तुलना केली, तेव्हा व्यायामानंतरच्या पहिल्या काही तासांत स्नायूंमधली प्रथिनबांधणी एका मिनिटाच्या गटातच कमी भरली. घाम हा शरीर थंड ठेवण्याचा उपाय आहे. मुंबईच्या मे महिन्यात तो जिना चढतानाही येतो, त्यावरून स्नायूंचं काम मोजता येत नाही. आणि नीट वॉर्मअप केला असेल तर तीन मिनिटांत अंग थंड पडत नाही.

तालमीतल्या जोर-बैठकांचा दाखलाही नेहमी दिला जातो: पैलवान शेकड्याने बैठका मारतात, ते कुठे मध्ये तीन मिनिटं थांबतात? दाखला खरा आहे, पण तो दुसऱ्या कामाचा आहे. स्वतःच्या शरीराच्या वजनावर शंभर-दोनशे बैठका मारणं हे दम आणि चिवटपणा कमावण्याचं साधन आहे. कुस्तीत तो लागतोच. पाचच रेप्स निघतील इतका बार खांद्यावर घेणं ही वेगळी मागणी आहे. दोन्हींची विश्रांती एकाच मापाने मोजली तर दोन्हींवर अन्याय होतो. ज्यांना दमच वाढवायचा आहे त्यांनी खुशाल तीस सेकंदांवर सेट घ्यावेत, फक्त वजन हलकं ठेवावं आणि त्यासाठी रॅक अडवू नये. ते काम डंबेल घेऊन कोपऱ्यातही होतं.

मग नेमकं किती थांबायचं? स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, ओव्हरहेड प्रेस यांचे जड सेट असतील तर दोन ते तीन मिनिटं. एक-दोन रेप्सच्या कमाल वजनाला चार-पाच मिनिटंही योग्य. लॅट पुलडाउन, लेग प्रेस, रोइंगच्या मशीनवर दीड-दोन मिनिटं पुष्कळ झाली. कर्ल, ट्रायसेप्स, खांद्याचे साइड रेज, पोटऱ्या यांना एक ते दीड मिनिट पुरतं. जिममध्ये नव्याने येणाऱ्याचं वजनच हलकं असतं, तो सहसा कमी वेळात सावरतो. घड्याळ पाहायचं नसेल तर एक साधी खूण वापरता येते: श्वास जागेवर येऊन एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं, की पुढचा सेट घ्यायला हरकत नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र घाई अजिबात नको, स्वतःचीही नको आणि दुसऱ्याने लावलेलीही नको. १९८५ साली मॅकमास्टरमध्येच काही शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब प्रत्यक्ष धमनीत नळी घालून मोजला होता. दोन्ही पायांच्या जड लेग प्रेसमध्ये तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला. निरोगी तरुणांत तो सेट संपताच झरकन उतरतो. उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जड वजनाकडे वळावं, श्वास कोंडून जोर लावू नये, आणि दोन सेटमध्ये हवा तेवढा वेळ घ्यावा. साठीतले काका मशीनजवळ थोडे जास्त थांबले म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आता रॅकचा हिशेब. पाच रेप्सचा एक सेट साधारण अर्ध्या मिनिटात संपतो. पाच सेट म्हणजे अडीच मिनिटांचं प्रत्यक्ष काम. मधल्या चार विश्रांती तीन-तीन मिनिटांच्या धरल्या तर बारा मिनिटं. म्हणजे एकटा माणूस रॅक सुमारे पंधरा मिनिटं धरून ठेवतो आणि त्यातला सहावा हिस्साच बारखाली असतो. उरलेला वेळ शरीराला हवा आहे हे आपण पाहिलं, पण तो वेळ रॅकला लागत नाही. समजा, तिघांनी आळीपाळीने सेट घ्यायचे ठरवलं. अर्धं मिनिट सेट, अर्धं मिनिट प्लेट बदलायला. प्रत्येकी एक मिनिट. तिघांची फेरी तीन मिनिटांत होते, आणि प्रत्येकाला आपल्या दोन सेटच्या मध्ये बरोबर अडीच मिनिटं मिळतात. कुणीही घाई न करता, कुणीही घड्याळ न पाहता, शास्त्र जेवढी विश्रांती सांगतं तेवढी आपोआप पदरात पडते, आणि पंधरा मिनिटांत तिघांचेही पाचही सेट होतात. एकेकाने रॅक धरला असता तर तिसऱ्याची पाळी यायला अर्धा तास गेला असता. माझ्या मते गर्दीच्या वेळच्या जिममध्ये रॅक आणि बेंच वाटून घेणं ही मेहरबानी समजू नये. व्यायाम नीट व्हायचा तर तीच सर्वांत सोयीची पद्धत आहे.

वाटून घ्यायचं म्हणजे विचारायला हवं, आणि विचारण्याची वेळ पाळायला हवी. कुणी बारखाली असताना बोलू नये, त्याच्या पुढ्यातून जाऊ नये, आरशात त्याच्यासमोर येऊन उभं राहू नये. बार हुकांवर बसला, दोन श्वास झाले, की मग जवळ जाऊन विचारावं: ‘दादा, किती सेट राहिलेत?’ एक राहिला असेल तर थांबावं. तीन-चार राहिले असतील तर ‘मध्ये मी एक-एक घेऊ का?’ एवढंच पुरतं. ‘झालं का?’ हा प्रश्न मात्र टाळावा, त्यात उठवण्याचा सूर येतो. ‘हो’ म्हणणाऱ्याने लगेच बाजूला सरकावं आणि आपली बाटली-टॉवेल उचलावा. मध्ये आलेल्याने आपला सेट झाल्यावर बार पहिल्याच्या वजनावर परत आणून ठेवावा. दोघांच्या वजनात फरक असेल तर आधी दोघांना लागणाऱ्या प्लेट आत बसवाव्यात आणि जास्तीची प्लेट बाहेरून चढवावी-उतरवावी. एक ६० किलोवर आणि दुसरा ८० वर असेल तर दोन्ही बाजूंनी दहा-दहाची एकेक प्लेट, एवढंच काम राहतं. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून केलं तर पंधरा सेकंदही लागत नाहीत.

‘प्रत्येक वेळी हे जमत नाही’ ही हरकत रास्त आहे. एक जण साडेपाच फूट आणि दुसरा सहा फुटांवर असेल तर स्क्वॉटसाठी हुकांची उंची वेगळी लागते, आणि वजन चढवलेला बार असताना हुक हलवता येत नाहीत. तिथे हट्ट धरू नये. कुणी आपल्या कमाल वजनाचा प्रयत्न करत असेल, तर त्याची एकाग्रता आणि चार-पाच मिनिटांची विश्रांती या दोन्हींना मान द्यावा. त्यानेही ‘दोन सेट राहिलेत, मग रॅक तुमचाच’ असं आपणहून सांगावं. याहून गंभीर हरकत बायकांची आहे. अनोळखी पुरुषाने मध्ये सेट घेऊ का विचारलं की पुष्कळ मुलींना अवघडल्यासारखं होतं, कारण त्या प्रश्नामागून अनेकदा न मागितलेला सल्ला येतो, मग ढब दुरुस्त करायला हात पुढे येतो, मग नंबर मागितला जातो. तेव्हा तिने ‘माझे सेट झाल्यावर घ्या’ म्हटलं तर त्यावर चर्चा करू नये, चेहराही पाडू नये. मध्ये सेट घ्यायची परवानगी फक्त उपकरणापुरती असते, हे पुरुषांनी पक्कं समजून घ्यावं. सेट चालू असताना दुसरीकडे पाहावं, फोनचा कॅमेरा खाली ठेवावा, आणि कुणाच्या मानेवर बार पडायची वेळ आलेली नसेल तर न विचारता हात लावू नये.

फोनबद्दल बरीच ओरड होते. विश्रांतीचं टायमर म्हणून फोन उत्तम आहे, सेट लिहून ठेवायलाही. अडचण रील्सची आहे: तीन मिनिटांची सात कधी होतात ते कळत नाही, आणि ती जास्तीची चार मिनिटं ना स्नायूंच्या कामी येतात ना रांगेतल्यांच्या. टायमर लावा आणि स्क्रीन खाली करून ठेवा. बेंचवर टॉवेल ठेवून पाणी प्यायला, फोनवर बोलायला, बाहेर गप्पा मारायला जाणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. पाणी भरायला एक मिनिट जाणं समजण्यासारखं आहे, पण परत येताच कुणी उभं दिसलं तर आपणच त्याला मध्ये घ्यावं. सुपरसेटचंही तसंच. परस्परविरोधी स्नायूंचे दोन व्यायाम जोडून घेतले तर वेळ वाचतो आणि ताकदीचं फारसं नुकसान होत नाही, पण गर्दीत दोन टोकांची दोन मशीनं एकट्याने राखून ठेवणं बरोबर नाही. एकाच जागी होणारी जोडी निवडावी: बेंच प्रेस आणि त्याच बेंचला हात टेकून डंबेल रोइंग. केबल मशीन, लेग कर्ल आणि चेस्ट मशीन यांची साखळी सकाळी दहाला करावी, संध्याकाळी आठला नाही.

प्लेट जागेवर ठेवण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. वीस किलोच्या चार प्लेट लेग प्रेसवर तशाच सोडून जाणाऱ्याला वाटतं, पुढचा उतरवेल. पुढे येणारी साठ वर्षांची बाई किंवा पहिल्याच आठवड्यातला मुलगा त्या खांद्याच्या उंचीवरून उतरवू शकत नाही. तो दुसऱ्या मशीनकडे वळतो, किंवा उतरवताना कंबर धरून बसतो. रॅकवर आणि बेंचवर तर आणखी एक धोका आहे. एका बाजूच्या सगळ्या प्लेट काढून टाकल्या आणि दुसऱ्या बाजूला बरंच वजन राहिलं, की बार हुकांवरून उलटू शकतो आणि रिकामं टोक वर उसळतं. शेजारी कुणाचं तोंड असेल तर दात जातील. म्हणून एक प्लेट इकडची, एक तिकडची, अशाच उतरवाव्यात. डंबेल उचलल्यावर स्टँडपुढेच उभं राहून कर्ल मारू नयेत. दोन पावलं मागे आलं तर बाकीच्यांना आपलं डंबेल घेता येतं. बेंचवरचा घाम पुसणं यावर अधिक काही लिहायची गरज नसावी.

राहिली ती नेहमीची हरकत: मी पूर्ण फी भरलीय, हवा तेवढा वेळ बसेन. फी सगळ्यांनीच भरलेली असते, आणि ती रॅकच्या मालकीची नसून वापराची असते. वर दाखवल्याप्रमाणे वाटून घेतल्याने तुमचा एक सेटही कमी होत नाही. मात्र ही जबाबदारी फक्त सभासदांवर ढकलणं बरोबर होणार नाही. काही ठिकाणी जास्त पैसे देणाऱ्या सभासदासाठी पर्सनल ट्रेनरच मशीन अडवून ठेवतात, आधीच्याला उठवतात, आणि मग बाकीच्यांनी शिस्त पाळावी अशी अपेक्षा करतात. ट्रेनरने आपल्या माणसाला इतरांबरोबर आळीपाळीने सेट घ्यायला शिकवावं. नवे लोक भिंतीवरचा फलक वाचत नाहीत, ट्रेनर काय करतो ते पाहतात. जिमच्या मालकांनी सातव्या ट्रेडमिलऐवजी दुसरा रॅक घ्यावा, अडीच आणि पाच किलोच्या प्लेट पुरेशा ठेवाव्यात म्हणजे आळीपाळीत बदलाबदल सोपी होते, आणि गर्दीच्या दोन तासांत अर्ध्या तासाहून जास्त कुणी एक जागा धरणार नाही हे प्रवेश देतानाच सांगावं. दुसरा रॅक लगेच परवडणार नसेल तर निदान रॅक आणि बेंच दोन्हींवरून दिसेल असं, ठळक सेकंद-काट्याचं एक मोठं घड्याळ भिंतीवर लावावं.